पानगळीचं सेमिस्टर

एप्रिल सरत आला की कार्डिफमधल्या आमच्या घराला परीक्षेचा वास येऊ लागतो. करपलेला टोस्ट, हायलायटरची शाई, आणि अर्धे पिऊन जिथे तिथे विसरलेले चहाचे मग. माझ्या नातीनं, रेवानं, जिन्याच्या पायऱ्यांवर केमिस्ट्रीचे पिवळे कागद चिकटवून ठेवलेत. झोपायला जाताना मला रोज बेन्झिन ओलांडावं लागतं. बाहेर मात्र वर्षातली सगळ्यात गोड हवा. समोरच्या चेरीच्या पाकळ्या कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांवर पडतायत, आणि पाऊस आलाच तर चुकून आल्यासारखा येतो आणि निघून जातो. परीक्षा तोंडावर आली की हवा इतकी चांगली का होते, हे मला पुण्यातही कळलं नव्हतं आणि इथेही कळलेलं नाही. कुणीतरी मुद्दाम करतं, एवढं नक्की.

यंदा घरात परीक्षेहून मोठा विषय आहे. रेवाला दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक इथलाच, मेडिकलचा. घरून बसनं जाता येईल अशी सीट, जिच्यासाठी इथली मुलं झुरतात. दुसरा अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजचा. तिथे ती काय शिकणार असं विचाराल, तर उत्तर आहे: ठरलेलं नाही. तिथे तसं चालतं. पहिली दोन वर्षं मुलांनी इतिहास घ्यावा, जीवशास्त्र घ्यावं, वाटलं तर मातीची भांडी करावीत, आणि मग सावकाश सांगावं की आपला मुख्य विषय अमुक. फीच्या बाबतीत त्या कॉलेजनं बराच हात दिलाय, तेव्हा अडचण ती नाही. अडचण एवढीच की मे उजाडायच्या आत अमेरिकेला हो किंवा नाही कळवायचं, आणि हो म्हटलं तर इथली सीट सोडायची.

माझा मुलगा निखिल हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. लोकांना शांत करणं हा त्याचा व्यवसाय, पण घरी ते औषध लागू पडत नाही. पहिल्याच दिवशी जेवताना तो म्हणाला, "तिला काय करायचंय ते तिला माहीत नाही, आणि ते माहीत नसायला ती अटलांटिक क्रॉस करून जाणार." वाक्य चांगलं होतं. शेवटी माझाच मुलगा. लंडनमधल्या ईलिंगहून माझी नणंद शुभाताई रोज फोन करून चौकशी करते. तिच्या मते मेडिकलची सीट सोडणारी मुलगी एकतर प्रेमात पडलेली असते किंवा तिला ताप तरी असतो, आणि रेवाचं यातलं नेमकं कुठलं, एवढंच तिला जाणून घ्यायचंय. माझी सून कॅरिस इथलीच, वेल्श आहे, शाळेत शिकवते. वाद सुरू झाला की ती उठून किटली लावते. आमच्या घरातले बहुतेक वाद पाणी उकळेपर्यंतच टिकतात. या वादानं मात्र चहाची पेटी संपवत आणली.

आणि मी? मी या घरातली अमेरिकातज्ज्ञ. अर्ध्या शतकापूर्वी मी तिथे दोन वर्षं शिकले, त्या भांडवलावर अजून दुकान चालू आहे. माझी सगळी माहिती टाइपरायटरच्या काळातली, पण ती मी अशा थाटात सांगते की निखिलसुद्धा मधूनमधून बिचकतो. रेवानं जावं असं माझं पहिल्या दिवसापासूनचं मत. ते मी उघड कधी बोलत नाही. फक्त निखिलला आमटी वाढताना सहज म्हणते की तिथल्या मेसमध्ये मुलांना रोज आइस्क्रीम असतं, हवं तेवढं. किंवा म्हणते की तिथे प्राध्यापक मुलांना नापास करण्याआधी कॉफी पाजतात. निखिल म्हणतो, "आई, तू मध्ये बोलू नको." मी कुठे बोलते? मी आमटी वाढते.

रिव्हिजनचा कंटाळा आला की रेवा माझ्या खोलीत येते, माझ्या पलंगावर आडवी होते आणि म्हणते, "आजी, अमेरिका सांग." लहानपणी "राक्षस सांग" म्हणायची त्याच सुरात. मग मी कुंदाला बोलावते.

कुंदा म्हणजे मीच, पण बावीस वर्षांची. तिच्याशी माझं फारसं पटत नाही, म्हणून मी तिला नावानंच हाक मारते. कुंदा पुण्याहून अमेरिकेला रसायनशास्त्र शिकायला निघाली ती विद्यापीठात पहिली येऊन, आणि हे तिनं विमानातल्या शेजाऱ्याला टेकऑफच्या आधीच सांगून टाकलं होतं. तो शेजारी कुवेतला उतरला. बहुधा उतरायचं नसतानाही उतरला असावा. तिच्या बॅगेत प्रेशर कुकर होता, लॉगरिदमचं पुस्तक होतं, आईनं दिलेला चिवड्याचा मोठा डबा होता, आणि एक कांजीवरम होती. प्रयोगशाळेत कांजीवरम कशाला, असं कुणी विचारलं नाही. मुलगी परदेशी चालली म्हणजे प्रसंग येणारच, अशी घरातल्या सगळ्यांची खात्री होती.

अमेरिकेच्या ऐन मध्यावरचं, मक्याच्या शेतांत वसलेलं ते विद्यापीठ. ऑगस्टचा शेवट होता. हिरवळीवर मुलं उताणी पडून वाचत होती, काही नुसतीच पडली होती. कुंदाला वाटलं, कुणाला तरी चक्कर आलीय.

पहिल्या वर्गात प्राध्यापक आत आले आणि कुंदा ताडकन उठून उभी राहिली. उभी राहिलेली ती एकटीच. प्राध्यापकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग वळून आपल्या मागे दारात कोण आलंय ते पाहिलं. कुणीच नव्हतं. त्यांना वाटलं तिला काहीतरी विचारायचंय, म्हणून ते थांबले. ते थांबले म्हणून ती उभीच राहिली. अखेर शेजारच्या मुलीनं पदर धरून तिला खाली बसवलं. तीच जुडी. पुढे कुंदा तिच्याच खोलीत राहायला गेली. पुढचे कित्येक दिवस ते प्राध्यापक वर्गात येताना आधी काचेतून डोकावून पाहत.

रेवाला हा किस्सा फार आवडतो. तिच्या शाळेतही कुणी उठत नाही, पण आपण बसलेल्यांच्या जातीतले आहोत याचं तिला कोण समाधान. मी तिला म्हणते, हस, हस. कुंदाच्या पुण्यात पुस्तक हवं असेल तर ग्रंथालयाच्या खिडकीत चिठ्ठी द्यायची आणि बाकावर बसायचं. आतून कुणीतरी ते आणून देणार, नाहीतर "बाहेर गेलंय" म्हणून सांगणार. पुस्तकं कुठे राहतात ते आम्ही पाहिलंच नव्हतं. आणि इथे जुडीनं तिला एका सात मजली इमारतीत नेऊन सोडलं आणि म्हणाली, घे. कुणी विचारत नाही, कुणी बघत नाही, कपाटाला कुलूप नाही. कुंदा पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत नुसती फिरली. हातात घ्यायची, वास घ्यायची, परत ठेवायची. थंड धूळ, जुना डिंक, आणि खिडकीतून येणारा कापलेल्या गवताचा वास. शास्त्राची पुस्तकं चौथ्या मजल्यावर होती. तिला ती सापडायला तीन दिवस लागले, कारण वाटेत दुसऱ्या मजल्यावर चित्रं होती आणि तिसऱ्यावर इतिहास.

कुंदाला शिकता शिकता शिकवायचंही होतं. तिथे तशी पद्धतच आहे. पुढचं शिकणाऱ्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रयोगशाळा सांभाळायची, त्याबदल्यात फी माफ. तेव्हा कुंदाच्या पुढ्यात वीस अमेरिकन मुलं आली आणि तिला पहिल्याच दिवशी "हाय, कुंडा" म्हणाली. एक जण सँडविच खात होता. कुंदानं प्रत्येकाला उभं करून विचारलं की तू कशात पदवी घेणार. निम्म्यांनी हसून सांगितलं, अजून ठरवलं नाही. हसून. कुंदा हादरली. पुण्यात अजून ठरवलं नाही असं म्हणणाऱ्या मुलाला घरचे ज्योतिषाकडे नेत. एक मुलगी तर आधी संगीत शिकत होती, मग शेती, आणि आता रसायनशास्त्र बघायला आली होती. बघायला. कुंदानं तिला करड्या आवाजात विचारलं, की आवडलं नाही तर? ती म्हणाली, तर सोडेन. सेमिस्टर सुरू झाल्यावरही काही आठवडे विषय सोडता येतो, कागदावर त्याचा डागसुद्धा राहत नाही.

त्यावर बराच विचार करून कुंदानं आईला कळवलं की इथली मुलं विषयांचे कांदेपोहे करतात. आपल्याकडे दहावी-अकरावीला घरच्यांनी एकदा विषयाशी लग्न लावून दिलं की संपलं. मार्क चांगले म्हणून सायन्स. सायन्स म्हणून केमिस्ट्री. मग पटो न पटो, नांदायचं. इथे दोन वर्षं पोहे खात हिंडतात, नकार दिला तर विषयही रुसत नाही आणि मुलगीही बदनाम होत नाही. आईचं उत्तर आलं की तू मात्र दिल्या घरी नीट राहा.

हे सांगितलं तेव्हा रेवा पलंगावर उठून बसली होती. म्हणाली, "इथे पण सेमच आहे ना आजी. सोळाव्या वर्षी तीन सब्जेक्ट्स. बाकी सगळ्यांना बाय." खरं आहे. इथलं लग्नही लवकरच होतं, फक्त मुलीच्या सहीनं. बाहेर सीगल पक्षी ओरडत होते. कार्डिफचे सीगल कुणाच्याही बोलण्यात पडतात. मी पुढचा किस्सा काढला.

ऑक्टोबर आला. झाडांना काय झालं ते कुंदाला कळेना. आधी एक फांदी लाल झाली, मग आख्खं झाड, मग रस्ता. आपल्याकडे पानं गळतात ती गुपचूप, कोपऱ्यात, झाडूवालीच्या भरवशावर. इथे ती गाजावाजा करून गळत होती, आणि मुलं त्या ढिगांत उड्या मारत होती, पदवीला आलेली घोडी. खोलीत हीटर सुरू झाले. हवा इतकी कोरडी की नायलॉनची साडी नेसताना चटचट ठिणग्या उडायच्या. जुडी दिवा घालवून बघत बसायची. तळघरात कपडे धुण्याची यंत्रं होती आणि त्यांच्यावर बसून मुलं अभ्यास करायची. जुडीचं म्हणणं, गरगर फिरणाऱ्या यंत्रावर कॅल्क्युलस लवकर चढतं.

आणि एका प्राध्यापकांनी सहामाहीची परीक्षा घरी दिली. म्हणजे पेपर हातात दिला आणि म्हणाले, घरी जा, सोडवा, शुक्रवारी आणा. पुस्तकं उघडलीत तर नियमाविरुद्ध आहे. बस, एवढंच. पहारा नाही, घंटा नाही. कुंदाला खात्री पटली की हा सापळा आहे. तिनं खोलीचे पडदे ओढले. सगळी पुस्तकं जुडीच्या कपाटात कोंबली, कुलूप लावलं, किल्ली जुडीला दिली आणि तिला खोलीच्या बाहेर बसवलं, साक्षीदार म्हणून. जुडी बिचारी कॉरिडॉरमध्ये सफरचंद खात बसली. येणारेजाणारे विचारायचे, काय झालं? ती सांगायची, आत परीक्षा चालू आहे. लोक चवड्यांवर चालत पुढे जायचे. अशा रीतीनं त्या अख्ख्या विद्यापीठात पहारा असलेली एकच परीक्षा झाली आणि पहारा परीक्षार्थीनं स्वतः नेमला होता.

पण कुंदाची खरी फजिती झाली ती तिच्या सल्लागारांमुळे. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला एक सल्लागार असतो, त्याच्या सहीशिवाय विषय ठरत नाहीत. त्यांनी कुंदाची यादी पाहिली: केमिस्ट्री, केमिस्ट्री, केमिस्ट्री. म्हणाले, एक तरी खिडकी ठेव. आणि स्वतःच्या हातानं खाली लिहिलं, विज्ञानाचा इतिहास. वर्ग कसला, एक लांबट टेबल, भोवती दहा-बारा मुलं, आणि मोजे घातलेले पाय खुर्चीवर घेऊन बसलेले एक प्रोफेसर. ते शिकवतच नसत. विचारत. मुलं एकमेकांचं बोलणं तोडून बोलत, प्रोफेसरांना "मला नाही पटत" म्हणत, आणि ते खूश होत. या बडबडीला तिथे मार्क असतात, हे कुंदाला ठाऊक होतं. पण न विचारता बोलायचं कसं? तिला पुण्यात वीस वर्षं शिकवलं होतं की शहाणी मुलगी ती, जी गप्प बसते. ती इतकी शहाणी होती की सहा आठवडे एक शब्द बोलली नाही. समोर फक्त मान डोलवायची. प्रोफेसरांना ती मान कुठल्या बाजूला जातेय तेही कळत नसे.

मग निबंध आला. विषय असा: पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे की जळणाऱ्या वस्तूत एक अदृश्य पदार्थ असतो आणि वस्तू जळताना तो बाहेर पडतो. पुढे ते खोटं ठरलं. तरीही कित्येक मोठी माणसं ते मत सोडायला तयार होईनात. का? कुंदानं त्या सात मजल्यांतून अकरा पुस्तकं गोळा केली आणि अकराही जणांची मतं, पान क्रमांकासकट, सुवाच्य मांडली. असा निबंध पुण्यात फळ्यावर लावला असता.

परत आला तेव्हा शेवटच्या पानावर पेन्सिलनं दोनच शब्द होते. मला भेट.

पुण्यात प्राध्यापकांनी भेटायला बोलावलं म्हणजे एकतर नाव काढून टाकणार किंवा वडिलांना बोलावणार, आणि वडील तर समुद्रापार. जुडी म्हणाली, अगं, ते दर मंगळवारी दुपारी दार उघडं ठेवून बसतात, कुणीही जावं, मी कंटाळा आला तरी जाते. कुंदाला ते पटलं नाही. तिनं बॅग अर्धी भरली. मग ठरवलं की जायचंच तर मानानं जायचं. आणि ती कांजीवरम बाहेर निघाली.

मोरपंखी, लाल काठ. वर जुडीचा पार्का, टोपीवाला जाड कोट. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून डब्यात तळाशी उरलेला चिवडा एका बरणीत भरून घेतला. घरचा शेवटचा चिवडा. पानांच्या ढिगांतून, काठ उचलत, बरणी छातीशी धरून कुंदा निघाली, तेव्हा हिरवळीवरची मुलं उठून उभी राहिली. अमेरिकेत कुणी कुणासाठी उठलेलं तिनं पाहिलं ते तेव्हाच.

दार खरंच उघडं होतं. प्रोफेसरांनी साडीकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, आणि विचारलं की आज तुमचा सण आहे का. कुंदा म्हणाली, नाही सर, तुम्ही बोलावलंत. त्यांनी बरणी उघडली, एक दाणा खाल्ला, मग मूठभर घेतला. कुंदा खुर्चीच्या काठावर.

"तू सगळं वाचलंयस," ते म्हणाले. "या लोकांना काय वाटतं ते मला माहीत आहे. ते सगळे माझ्या कपाटातच राहतात. तुला काय वाटतं?"

"तुम्हांला जे वाटतं तेच मला वाटतं, सर."

"मला काय वाटतं ते तुला माहीत आहे?"

"नाही सर. पण ते बरोबरच असणार."

मग त्यांनी बरणी जवळ ओढली. नुसते चिवडा खात राहिले. त्या खोलीत त्यांच्या दातांखाली फुटणाऱ्या शेंगदाण्यांचा तेवढा आवाज. खिडकीबाहेर मेपलचं एक झाड निम्मं उघडं झालं होतं. कुंदा वाट बघत होती की आता ते उत्तर सांगतील. आजवर प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्यानं पाठोपाठ उत्तरही दिलं होतं. ते सांगेनात. चिवडा संपत चालला. आणि हे सगळं थांबवायचं तर आपल्यालाच काहीतरी बोलायला हवं, या भीतीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "मला वाटतं, ती माणसं मूर्ख नव्हती. त्यांना ते त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं. गुरूंचं मन मोडवत नसेल त्यांना."

प्रोफेसरांचा हात बरणीत थांबला. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही, सर."

"मग हे लिही."

बस, एवढंच झालं. ना कुणी टाळ्या वाजवल्या, ना बाहेर ऊन पडलं. कुंदा खोलीवर आली, बॅग रिकामी केली आणि तो निबंध पुन्हा लिहायला बसली. या वेळी अकरा पुस्तकांची निम्मी मतं आपोआप गळाली. मला कुंदा आवडत नाही हे खरं, पण त्या संध्याकाळी कांजीवरम न बदलता टाइपरायटरवर दोन बोटांनी ठोकत बसलेली ती मुलगी मात्र मला कधीतरी पुन्हा भेटावी असं वाटतं. पुढे तिचं लग्न ठरलं, वेल्समधल्या एका डॉक्टरांशी. ती पदवी घेऊन इथे आली, शाळेत विज्ञान शिकवलं, आणि वर्गात कुणी गप्प बसलं तर त्याला गप्प बसू द्यायला शिकली. शेंगदाणे खात.

मी हे सगळं सांगत होते ती परवाची दुपार. शेजाऱ्याच्या कुंपणावरून लायलॅकच्या फुलांचा वास येत होता. मला वाटलं रेवा हसेल. कांजीवरमपाशी ती नेहमी हसते. पण ती छताकडे बघत होती.

"आजी, पण तू मला कधी विचारलंस?"

काय, म्हटलं.

"हेच. मला काय वाटतं. बाबा म्हणतो राहा. तू म्हणतेस जा. यू आर द सेम पर्सन, आजी. फक्त तू चिवडा देतेस."

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. निखिल म्हणतो हा माझा आजार आहे. त्या दुपारी मात्र मी हुशारीनं एकच काम केलं: तिला विचारलं, आणि गप्प बसले. किती अवघड असतं ते. जिभेवर निदान चार वाक्यं तयार होती, एकाहून एक सरस. मेसमधलं आइस्क्रीम होतंच. ती सगळी गिळून मी पांघरुणाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. सीगल बोलले. रेवा नाही बोलली. मग बोलली, आधी इंग्रजीत, मग माझ्यासाठी मराठीत.

"मला डॉक्टर व्हायचंच नाही असं नाही. मे बी मला व्हायचंय. पण ते बाबाकडे बघून वाटतं की माझं मलाच वाटतं, ते मला कळत नाही. इथे राहिले तर कधीच नाही कळणार. मी हिस्ट्री सोडली ना, तेव्हा मी बाथरूममध्ये रडले होते. एका सब्जेक्टसाठी कोण रडतं? म्हणून कुणाला सांगितलं नाही." मग म्हणाली, "आणि बाबाचं मन... ते तू म्हणालीस ना. मोडवत नाही."

मी म्हटलं, हे मला नको सांगू. मला सांगून फार तर मी खूश होईन. त्याला सांग.

तिनं रविवारी सांगितलं. जेवणं झाली होती, कॅरिसनं गोडाला रूबार्बचं क्रम्बल आणून ठेवलं होतं आणि कुणी चमचा लावला नव्हता. रेवा एका दमात बोलली, माझ्याशी बोलली होती तेच, फक्त बाथरूमचं तिनं वगळलं, आणि मग थांबून तेही सांगितलं. आपल्याला माहीत नाही, एवढं वाक्य बापासमोर म्हणायला तिला किती बळ लागलं ते तिच्या लाल झालेल्या कानांच्या पाळ्या सांगत होत्या. निखिलनं सगळं ऐकून घेतलं. तोडलं नाही, एकदाही. मग उठला, मागच्या दारानं बागेत गेला आणि गवत कापायचं यंत्र सुरू केलं. गवत त्यानं आदल्याच दिवशी कापलं होतं.

आम्ही तिघी त्या घरघरीत बसून राहिलो. कॅरिस उठली नाही, किटलीलाही हात लावला नाही. खिडकीतून दिसत होतं, तो बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता, वळत होता, परत येत होता, आणि बारीक पाऊस सुरू झाला तरी थांबत नव्हता. मला उठून जावंसं वाटलं. मुलगा पन्नाशीकडे झुकला तरी पावसात उभा असला की आईचा पाय उचलतोच. कॅरिसनं नुसता माझ्या हातावर हात ठेवला. मी बसले.

मग यंत्र बंद झालं. निखिल दारात आला. बुटांना गवत चिकटलेलं, चष्म्यावर थेंब. रेवाकडे न बघता, चष्मा पुसत म्हणाला, "सोडायची तर लवकर सोड ती सीट. वेटिंगवर कुणीतरी असेल. ते मूल फोनकडे बघत बसलेलं असतं."

मला एकदम तो ऑगस्ट आठवला. निखिल अठरा वर्षांचा. सगळ्या मेडिकल कॉलेजांकडून नकार, एकाची फक्त वेटिंग लिस्ट. आमचा फोन तेव्हा खाली हॉलमध्ये असायचा, वायरचा. हा पोरगा फोनजवळ गालिच्यावर उशी टाकून पडून राहायचा, जेवणही तिथेच. मी फोनवर बोलले तरी डोळे वटारायचा. आणि एक दिवस तो वाजला. कुणीतरी सीट सोडली होती. कोणी, का, ते आम्ही कधी विचारलं नाही. आम्हांला एवढा आनंद झाला होता की त्या माणसालाही काहीतरी वाटलं असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. त्या रविवारी पहिल्यांदा मला त्याच्याविषयी कुतूहल वाटलं. मुलगा होता की मुलगी? कुठे गेलं ते मूल? त्याच्या घरीही कुणी दोनदा गवत कापलं असेल का?

रेवानं उठून बापाला मिठी मारली, तेव्हा तो म्हणाला, अगं, ओला आहे मी. पण सुटका करून घेतली नाही. क्रम्बल गार झालं होतं. आम्ही तसंच खाल्लं.

तिनं दोन्हीकडे कळवलंय. शुभाताईला मी कळवलं. तिनं एवढंच विचारलं की तिथे थंडीचे कपडे इथलेच चालतील ना. तेव्हा मी समजले की तीही आली आपल्या बाजूला.

म्हणजे मी जिंकले. जिंकल्यावर माणसानं निदान एक दिवस तरी खूश राहावं. मी दुपारपर्यंत राहिले. संध्याकाळी पाऊस थांबला, तिरकं ऊन पार माझ्या पलंगापर्यंत आलं, आणि पलंगावर कुणी आडवं नव्हतं. मी रेवाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. ती बायोलॉजी वाचत होती, कारण अमेरिकेला हो म्हटलं म्हणून परीक्षा काही टळत नाही. चोहीकडे कागद. तिनं मान वर करून विचारलं, "काय आजी? गोष्ट?"

नाही, म्हटलं. तू वाच. जरा सरक फक्त.

ती सरकली.